व्यासपीठ नको, चटई अंथरा

इव्हान इलिच यांचा जन्म ४ सप्टेंबर १९२६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. म्हणजे २०२६ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष ठरते. शताब्दी म्हटली की आपल्याकडे तिचे रूप ठरलेले असते. सभागृह, फलक, समई, शाल-श्रीफळ, ओळख करून देणाऱ्याचीच लांबलचक ओळख, प्रमुख पाहुण्यांचे उशिरा येणे आणि लवकर जाणे, आभारप्रदर्शन आणि अखेरीस पुठ्ठ्याच्या खोक्यात एक सामोसा. ज्यांना हे सारे करावयाचे आहे त्यांनी कृपा करून दुसऱ्या कोणाची तरी शताब्दी शोधावी. इलिच यांच्या वाट्याला हा थाट आला तर तो त्यांचा गौरव नसून त्यांच्या विचारांचा पराभव होईल. त्यांचा विचार साजरा करण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे. दहा-बारा माणसांनी कोणाच्या तरी घरी जमावे, आणलेले वाटून खावे, आणि ज्या साधनांचे आपण धनी समजतो त्यांचे चाकर कधी झालो, हे एकमेकांना विचारावे.

या म्हणण्याला दोन बाजूंनी विरोध होणार हे मी जाणून आहे. एक बाजू म्हणेल, हा माणूस रोमशी भांडला. धर्मग्रामात त्याचे कौतुक कशाला? दुसरी म्हणेल, घरगुती गप्पाटप्पांनी काय साधणार. परिसंवाद घ्या, ठराव करा, पुस्तिका काढा. दोघांनाही उत्तर दिले पाहिजे. परंतु त्याआधी हा माणूस कोण होता हे थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे.

इलिच यांचे वडील क्रोएशियातील कॅथलिक घराण्याचे, तर आई ज्यू वंशाच्या कुटुंबातील. नाझींच्या वंशकायद्यांमुळे या कुटुंबाला व्हिएन्ना सोडावे लागले. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात ईशज्ञानाचा अभ्यास करून १९५१ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. व्हॅटिकनच्या सेवेत उच्च पद गाठावे अशी त्यांची बुद्धी होती. पण त्यांनी न्यूयॉर्क गाठले आणि वॉशिंग्टन हाइट्स भागातील एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरूचे काम पत्करले. तेथे पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब कॅथलिकांची वस्ती वाढत होती. शहरातील जुन्या कॅथलिकांना हे नवे भाऊबंद नकोसे होते. त्यांची भाषा वेगळी, गाणी वेगळी, भक्तीची रीत वेगळी.

इलिच यांनी त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ काढून देणग्या गोळा केल्या नाहीत. ते त्यांची स्पॅनिश शिकले, त्यांच्यात राहिले, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यास फोर्डहॅम विद्यापीठाच्या आवारात संत योहान बाप्तिस्ता याच्या सणाचा मेळा भरविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. हा संत पोर्तो रिकोचा आश्रयदाता. उघड्यावर मिस्सा, मग शिदोऱ्या, वाद्ये, नाच. हजारोंच्या संख्येने माणसे लोटली. जे लोक शहरात अडचण म्हणून मोजले जात होते, ते त्या दिवशी यजमान झाले. गोव्यात २४ जूनला सांजांवच्या दिवशी डोक्यावर फुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या घेणाऱ्या आपल्या बांधवांना या मेळ्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. सण हा लोकांना दिला जात नाही. तो लोकांपाशी असतोच. धर्मगुरूने फक्त वाट मोकळी करावयाची असते.

पुढे पोर्तो रिकोतील कॅथलिक विद्यापीठाचे उपप्रमुखपद त्यांच्याकडे आले. १९६० साली तेथील बिशपांनी एका राजकीय पक्षाला मत देण्यास कॅथलिकांना मनाई केली. इलिच यांनी त्यास विरोध केला आणि त्यांना तेथून जावे लागले. १९६१ साली मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे त्यांनी एक केंद्र उघडले. वरवर पाहता ते लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकविण्याचे केंद्र होते. खरे पाहता तेथे येणाऱ्यांना एकच अवघड प्रश्न घातला जाई : तुम्हांला तेथे बोलावले कोणी? उत्तर अमेरिकेतील धर्मसंघांनी आपल्या मनुष्यबळाचा दहावा हिस्सा लॅटिन अमेरिकेत धाडावा, असे आवाहन त्याच वर्षी रोमहून झाले होते. त्या दानशूरपणात परक्या पैशाचे, परक्या सवयींचे आणि परक्या सत्तेचे ओझे दडलेले आहे, असे इलिच यांनी १९६७ साली जाहीरपणे लिहिले. साहजिकच वादळ उठले.

१९६८ साली त्यांना रोमला चौकशीसाठी बोलावण्यात आले. गुप्ततेच्या अटीवर प्रश्नावलीला उत्तरे देण्यास त्यांनी नकार दिला. १९६९ च्या आरंभी त्यांच्या केंद्रात जाण्यास धर्मगुरू व धर्मभगिनींना बंदी झाली. त्याच वर्षी इलिच यांनी धर्मगुरूपदाचे सार्वजनिक कार्य स्वतःहून थांबविले. येथे थांबून वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही, वेगळा पंथ काढला नाही, आणि आपल्या ब्रह्मचर्याच्या व्रताला व नित्यप्रार्थनेला अंतर दिले नाही. आपण वादाचा विषय झालो आहोत, आणि वादाचा विषय झालेल्या माणसाने वेदीपाशी उभे राहून लोकांत फूट पाडू नये, असा त्यांचा विचार होता. ज्यांना त्यांच्यात केवळ बंडखोर दिसतो त्यांनी या मौनाचे वजन करून पाहावे. आज्ञापालनाच्या गोष्टी सांगत पदाला चिकटून राहणारे आपण पुष्कळ पाहतो. मतभेद असूनही पद खाली ठेवून नातेसंबंध राखणारे विरळा. हा माणूस आपला नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही.

आता त्यांच्या विचाराकडे वळू. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ‘कॉन्व्हिव्हिअॅलिटी’ हा शब्द मध्यवर्ती आहे. लॅटिनमध्ये ‘कॉन्व्हिव्हिअम’ म्हणजे मेजवानी. शब्दशः एकत्र जगणे. इंग्रजी बोलणाऱ्यांना या शब्दातून मद्याच्या पेल्याभोवतीची मौज आठवते. इलिच यांना ते अभिप्रेत नव्हते. माणसे एकमेकांवर अवलंबून असूनही स्वतंत्र असतात, अशा समाजाला ते हा शब्द लावीत. मराठीत मी याला ‘सोबतीचे जगणे’ म्हणेन. याच्या उलट काय, ते सांगणारा शब्द मात्र मराठीत आयताच आहे : पंक्तिप्रपंच. एकाच रांगेत बसवून एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसते पाणी वाढणे.

त्यांचा सिद्धान्त सोपा आहे. प्रत्येक साधनाला दोन उंबरठे असतात. पहिला ओलांडला की ते साधन माणसाच्या उपयोगी पडते. दुसरा ओलांडला की तेच साधन आपल्या हेतूच्या विरुद्ध काम करू लागते आणि माणसाला आपल्यामागे धावावयास लावते. उदाहरणादाखल त्यांनी मोटारीचा हिशेब मांडला. १९७० च्या दशकातील सर्वसाधारण अमेरिकन पुरुष वर्षाकाठी सोळाशेहून अधिक तास मोटारीपायी खर्च करतो. चालविण्यात, थांबून राहण्यात, आणि तिचे हप्ते, विमा, इंधन यांसाठी पैसे कमावण्यात. इतके करून तो साडेसात हजार मैल जातो, म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी. याहून थोड्याच कमी वेगाने पायी जाता येते, आणि सोबत्याशी बोलताही येते! सायकल ही त्यांच्या लेखी आदर्श साधन होती. ती माणसाची शक्ती वाढविते, पण शेजाऱ्याचा रस्ता हिरावून घेत नाही.

याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचा आधार घेतला आहे, आणि सेमिनरीत ज्यांनी अक्वायनस घोकला त्यांनाही तो भाग क्वचितच आठवतो. संयम हा सद्गुण सर्व सुखांना नकार देत नाही; माणसामाणसांतील नाते तोडणाऱ्या सुखांनाच तो दूर ठेवतो. म्हणून संयम हा मैत्रीचा आणि प्रसन्नतेचा सोबती आहे. उपवासाच्या चाळीस दिवसांत आपण हे शिकवितो काय? मांसमच्छी वर्ज्य करण्याची यादी आपण सांगतो, पण शेजाऱ्याशी बोलणे ज्याने बंद पडले ते सुख कोणते, हे विचारीत नाही.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. परिसंवाद का नको? कारण इलिच यांची सर्वांत खोल जखम हीच होती, की जे उत्तम असते तेच बिघडले तर सर्वांत वाईट होते. दयाळू शोमरोनी माणसाचा दृष्टान्त ते पुन्हा पुन्हा सांगत. शोमरोन्याने जखमी ज्यूला उचलले, ते कोणत्या नियमाने नव्हे. आपला शेजारी कोण, हे त्याच्या जातीने वा गावाने ठरविले नव्हते. तो रस्त्यात भेटला आणि याचे आतडे पिळवटले, इतकेच. हे स्वातंत्र्य शुभवर्तमानाने जगाला दिले. परंतु चौथ्या शतकापासून ख्रिस्तसभेने या आतिथ्याची व्यवस्था लावली, धर्मशाळा उभारल्या, आणि हळूहळू दारावर ठोठावणाऱ्या पाहुण्यासाठी घरात राखून ठेवलेली पथारी आणि भाकरीचा तुकडा नाहीसा झाला. त्यासाठी संस्था आहे ना, मग मी कशाला? आधुनिक सेवासंस्थांचे मूळ इलिच यांनी आपल्याच घरात शोधले. हे ऐकावयास कडू आहे. पण पाहुणा आला की हॉटेलात खोली घेणारी आणि आजारी शेजाऱ्याला पाहावयास जाण्याऐवजी भेटसमितीला कळविणारी कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत वाढत आहेत. त्या समित्या आम्ही धर्मगुरूंनीच नेमल्या आहेत. तेव्हा अशा विचारवंतासाठी आणखी एक समिती नेमणे हा विनोद तरी होईल, नाहीतर अपमान.

स्वतः इलिच यांनी आपले नामांकित केंद्र १९७६ साली बंद केले. ते ओस पडले म्हणून नव्हे. संस्था होऊन ते कुजू नये म्हणून. पुढील आयुष्यात त्यांचे शिक्षण घरातील मेजाभोवती चाले. साधे जेवण, साधी द्राक्षमदिरा, एखादे जुने पुस्तक, आणि मध्यभागी तेवती मेणबत्ती. ती मेणबत्ती न आलेल्या माणसासाठी असे. कोणीतरी अजून दार ठोठावील, आणि त्याला जागा आहे, याची ती खूण.

१९९८ साली ब्रेमेन येथे एक पुरस्कार स्वीकारताना त्यांनी आद्य ख्रिस्ती उपासनेविषयी सांगितलेली गोष्ट प्रत्येक मिस्साला जाणाऱ्याने ध्यानी घ्यावी अशी आहे. त्या उपासनेची दोन शिखरे होती : एकत्र श्वास आणि एकत्र भोजन. शांतीचे चुंबन म्हणजे एकमेकांच्या श्वासातील आत्मा वाटून घेणे. त्या क्षणी धनी आणि गुलाम, ज्यू आणि ग्रीक एक होत. मध्ययुगात या चुंबनाच्या जागी एक फळी आली. धर्मगुरूने वेदीचे चुंबन घेतल्यावर ती रांगेतून फिरवावयाची आणि प्रत्येकाने तिचे चुंबन घ्यावयाचे. माणसाला माणसाचा स्पर्श नको, म्हणून मध्ये साधन आले! आज शांतीची खूण देताना आपण शेजारच्या बाकाकडे न पाहता जी हात जोडल्यासारखी हालचाल करतो, तिच्यात त्या फळीचाच लाकूडपणा आहे. मिस्सा संपल्यावर दारात कोणी थांबत नाही. मग ख्रिस्तशरीर आपण कोणासोबत स्वीकारले?

आता मी स्वतःच काही आक्षेप मांडतो. कारण इलिच यांची आरती ओवाळणे हा या लेखाचा उद्देश नव्हे.

पहिला आक्षेप शाळेचा. १९७१ साली त्यांनी शाळेच्या मक्तेदारीवर कठोर हल्ला चढविला. ज्या महाराष्ट्रात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा उघडून शतकांचे कुलूप तोडले, तेथे शाळेविरुद्ध बोलणे चैनीचे वाटेल. मलाही तसेच वाटते. मात्र उत्तर त्यांच्याच सिद्धान्तात आहे. १८४८ हा आपला पहिला उंबरठा होता. ज्या दिवशी शाळेत जाऊनही शिकवणीवर्गाला जाणे भाग पडले, आणि प्रमाणपत्राविना कुशल हातांना किंमत उरली नाही, त्या दिवशी आपण दुसरा उंबरठा ओलांडला. आपल्या कॅथलिक शाळा या दोन उंबरठ्यांपैकी नेमक्या कोठे उभ्या आहेत, हा प्रश्न पालकांनी आणि आम्ही संचालकांनी एकाच चटईवर बसून विचारावा. त्याच ग्रंथात इलिच यांनी सुचविले होते, की ज्याला ज्या पुस्तकाविषयी बोलावयाचे आहे त्याने ते कळवावे, आणि तशीच इच्छा असलेल्या दुसऱ्याशी त्याची गाठ घालून द्यावी. त्यांनी भेटावे, बोलावे, हेच शिक्षण. घरगुती मेळाव्यांची कल्पना माझी नव्हे. ती त्यांचीच आहे.

दुसरा आक्षेप रुग्णालयाचा. आपल्या गालावर वाढलेल्या गाठीवर इलिच यांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही; अनेक वर्षे वेदना सोसून २ डिसेंबर २००२ रोजी ब्रेमेन येथे त्यांचे निधन झाले. ही त्यांची निवड होती. माझ्या धर्मग्रामातील कोणी आई-बापाला उपचाराविना ठेवून इलिच यांचे नाव घेऊ लागला तर मी त्याच्या दाराशी जाऊन भांडेन. मात्र मरणाऱ्याचा हात धरण्यास कोणी नसणे हा वैद्यकाचा विजय नव्हे, हेही तितकेच खरे आहे.

तिसरा आक्षेप स्त्रियांचा, आणि तो सर्वांत जड आहे. स्त्री-पुरुषांच्या जुन्या कामविभागणीविषयी १९८२ साली इलिच यांनी जे लिहिले, त्यावर स्त्रीवादी विदुषींनी सडकून टीका केली, आणि ती बव्हंशी रास्त होती. गंमत अशी, की बिनमोल राबणाऱ्या हातांच्या कामाला ‘छायाश्रम’ हे नाव त्यांनीच आदल्या वर्षी दिले होते. तेव्हा आपल्या मेळाव्यात पुरुष बाहेर सोबतीच्या जगण्यावर चर्चा करीत आहेत आणि बायका आत रोट्या भाजीत आहेत, असे दृश्य दिसले तर तो मेळावा तेथेच मोडावा. जो बोलेल तो वाढील, आणि जो खाईल तो भांडी घाशील.

चौथा आक्षेप पंगतीचा. आपल्याकडे पंगत ही जोडण्यापेक्षा तोडण्यासाठीच अधिक वापरली गेली. कोणी कोणाच्या हातचे खावे यावर जात उभी राहिली, आणि बाप्तिस्मा घेतल्यानेही ती आपल्यातून समूळ गेलेली नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या मेजावरून उठून वेगळा बसू लागला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर खडसावले. करिंथच्या ख्रिस्ती श्रीमंतांनी गरिबांची वाट न पाहता जेवण उरकले, तेव्हा हे प्रभूचे भोजनच नव्हे असे त्याने लिहिले. म्हणून ज्या मेळाव्यात सारे एकाच आडनावाचे, एकाच मिळकतीचे, एकाच आळीचे असतील, त्याला मी सोबतीचे जगणे म्हणणार नाही. निदान दोन पाने अशी असावीत, जी त्या घरात यापूर्वी कधी वाढली गेली नव्हती.

महाराष्ट्राशी इलिच यांचे एक नातेही आहे. जानेवारी १९७८ मध्ये ते वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले होते. गांधीजींच्या कुटीत पहाटे ते प्रार्थनेला बसले, आणि नंतरच्या भाषणात त्या कुटीने आपणाला काय सांगितले ते त्यांनी मांडले. माती-लाकडाची, हातांनी बांधलेली ती झोपडी. जोडे काढून मन तयार करण्याची जागा, सर्वांनी बसण्याची खोली, बापूंची कामाची जागा, पाहुण्यासाठी एक खोली, आजाऱ्यासाठी एक, ओसरी आणि न्हाणीघर. पाहा, इतक्या लहान घरात पाहुणा आणि रुग्ण यांना जागा होती! सामान ठेवावयाची जागा आणि माणसाने राहावयाचे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे सांगणे होते. आपली घरे तेव्हापासून पक्की झाली, मजले चढले. पाहुण्याची खोली मात्र कपाटांनी भरली.

मग करावयाचे काय? माझी सूचना साधी आहे. धर्मग्रामातील प्रत्येक विभागात महिन्यातून एकदा एका घरी जमावे. बारांहून अधिक माणसे नकोत. अधिक झाली तर दुसरे घर उघडावे. निमंत्रण पायी जाऊन तोंडी द्यावे. भ्रमणध्वनीवरील संदेशाने सारे कळते, पण कोणी बोलावले असे वाटत नाही. जेवण विकत आणू नये. प्रत्येक वेळी एकच साधन चर्चेला घ्यावे : मोटार, शाळा, दवाखाना, लग्नाचा मंडप, हातातील फोन. दोनच प्रश्न विचारावे : हे माझ्या उपयोगी केव्हा पडले? आणि माझ्यावर स्वार केव्हा झाले? बाराजणांपैकी जो सर्वांत कमी शिकलेला असेल त्याने आधी बोलावे. धर्मगुरू आला तर त्याने शेवटी बोलावे, किंवा बोलूच नये. छायाचित्र नको, अहवाल नको, अध्यक्ष नको, वर्गणी नको. एक पान आणि एक मेणबत्ती न आलेल्यासाठी ठेवावी. आणि ज्या दिवशी या मेळाव्याला नाव, नियमावली व खजिनदार लाभेल, त्या दिवशी तो आनंदाने बंद करावा.

याने जग बदलेल काय, असे विचारणारे विचारोत. अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनी प्रभूचे प्रवचन वाटभर ऐकले, त्यांची अंतःकरणे पेटली, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळखले ते मेजावर, भाकर मोडली तेव्हा. आणि तेही आधी त्यांनी त्या अनोळखी वाटसरूला आग्रहाने घरात बोलावले म्हणून. तो आग्रह आपल्यात शिल्लक आहे की नाही, एवढाच प्रश्न या शताब्दीने आपल्यापुढे ठेवला आहे. त्याचे उत्तर सभागृहात मिळणार नाही. येत्या रविवारी आपण कोणाला जेवावयास बोलाविता, त्यावरून ते कळेल.